वडगावचं स्थळ

आई गेली त्याला आज सदतीस दिवस झाले. जलदान विधीच्या दिवशी भन्तेजींनी त्रिसरण-पंचशील दिल्यावर सात जण बोलायला उभे राहिले. सातही जणांनी तेच सांगितलं. सोनूबाईंनी पोरासाठी नोकरी सोडली, पोरासाठी माहेर सोडलं, पोरासाठी जन्म घालवला. ते खरंच आहे. लोकांना जे दिसलं ते लोक बोलले. पण २००१ सालातला एक रविवार त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हता. ज्यांना ठाऊक होता त्यांपैकी माझे वडील, अण्णा, तीन वर्षांपूर्वीच गेले, आणि कृष्णातमामा मांडवाच्या खांबाला टेकून खाली मान घालून बसला होता. म्हणून मी लिहिते आहे.

माझा भाऊ प्रसेनजीत माझ्याहून आठ वर्षांनी लहान. तीन वर्षांचा झाला तरी हाक मारल्यावर वळेना, म्हणून आई त्याला दवाखान्यात न्यायला लागली. एका डॉक्टरांनी कान तपासायला सांगितले. कान चांगले होते. दुसऱ्यांनी सांगितलं, मुलगे उशिरा बोलतात. तिसऱ्यांनी 'मतिमंद' असं लिहून दिलं. १९९६ साली मिरजेच्या एका डॉक्टरीणबाईंनी कागदावर 'ऑटिझम' हा शब्द लिहिला. अण्णांनी तो कागद माझ्या हातात दिला, कारण घरात पुस्तकं वाचणारी मी होते. मी वाचनालयात जाऊन तीन शब्दकोश पाहिले. एकातही तो शब्द सापडला नाही.

आईला शब्दावाचून अडलं नव्हतं. तोवर तिनं सगळं आपलं आपण शोधून काढलं होतं. कुकरची शिट्टी झाली की तो भिंतीवर डोकं आपटतो, म्हणून आमच्याकडं डाळ पातेल्यात शिजायची. भाकरी अख्खी लागते, मोडलेली ताटात आली तर ताट उधळतो. न विचारता अंगाला हात लावायचा नाही. वाहत्या पाण्याशी बसवला तर दोन तास हलत नाही. एवढं शिकायला तिला सहा वर्षं लागली आणि त्यात तिची बालवाडीची नोकरी गेली. म्हणजे तिनंच सोडली.

अण्णा उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत मोल्डर होते. वाळूचे साचे भरायचे. कमी बोलायचे.

मी बी. ए. होऊन ग्रंथालयशास्त्राचा कोर्स करत होते, तेव्हा कृष्णातमामानं पेठ वडगावचं स्थळ आणलं. मुलगा हायस्कूलात शिक्षक, वडील नाहीत, आई आणि चुलता. मामानं त्यांना आमच्याबद्दल सगळं सांगितलं होतं, एक गोष्ट सोडून.

"धाकटा भाऊ हाय म्हणून सांगितलंय," मामा म्हणाला. "ल्हान हाय म्हटलं. ते काय खोटं न्हाय."

"मग?" आईनं विचारलं.

"मग काय? त्या दिवसापुरतं त्याला हितनं हलवायचं. एकदा ठरू दे. मग सांगू की हळूच."

"घर बघाय येणार ना ती? मग घरात जेवढी माणसं हायत तेवढी दाखवायची. कृष्णात, ह्यो काय फुटका माठ हाय काय, पावणं आलं की मागं सरकवायला?"

"अक्का, तू उगा येड्यासारखं बोलू नगंस. ह्येच्यापायी पोरगी घरात ऱ्हाईल."

आईनं अण्णांकडं पाहिलं. अण्णा नखातली वाळू काढत बसले. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या मांडीवर पुस्तक होतं. मी पान उलटलं आणि म्हणाले, "एकच दिवस आहे, आई."

ती उठली, फडताळातला डबा काढला आणि झाकण बसतं का ते पाहिलं.

पावणे रविवारी अकराला येऊन एकपर्यंत जाणार होते. आई सकाळी आठच्या एसटीनं प्रसेनला घेऊन नृसिंहवाडीला गेली. आम्ही देवाला जाणारे नव्हेत. पण तिथं घाटाच्या पायऱ्यांवर बसून पाण्यात पाय सोडता येतात आणि रविवारच्या गर्दीत एका पोराकडं कुणी बघत बसत नाही. तीनपर्यंत येते म्हणाली. कुणी विचारलंच तर आई तिच्या माहेरी गगनबावड्याला गेली आहे, चुलत्याला बरं नाही, एवढंच सांगायचं ठरलं. मामानं अण्णांकडून ते दोनदा म्हणवून घेतलं.

अकरा वाजले, बारा वाजले, एक वाजला. पोहे दोनदा केले. पावणे आले अडीचला. वाटेत कसबा बावड्यात त्यांना कुणीतरी जेवायला थांबवून घेतलं होतं.

मुलाचं नाव सुगत. त्याची आई चिमणाबाई, ठसठशीत, मोठ्या आवाजाची. चुलता पिराजी, डोक्याला पांढरी टोपी, सारखा गुडघा चोळणारा. बाई बसल्या बसल्या म्हणाल्या, "पावणं, उशीर झाला. शिव्या घातल्या असतीला."

"न्हाय न्हाय," अण्णा म्हणाले.

"घातल्या असतीला तर चालतंय. आमच्या भावजींचा गुडघा हाय, तेला घालाय पायजेत. मोटारीत चढाय अर्धा तास, उतराय अर्धा तास."

अर्धा तास वडगावच्या गोष्टी चालल्या. वडगावचा बाजार, वडगावचं पाणी, वडगावच्या शाळेचा पत्रा. सुगतनं मला काय वाचता म्हणून विचारलं. मुलीला विचारायचा प्रश्न म्हणून विचारतात तसा नाही. मी सांगितलं, तर त्यानं त्यातलं एक वाचलेलं होतं आणि त्याला ते आवडलं नव्हतं, आणि का आवडलं नाही तेही त्याला सांगता येत होतं. मला तो आवडला. हे लिहिणं गरजेचं आहे, नाहीतर पुढचं सोपं वाटेल.

चहा करायला मी आत गेले. स्वयंपाकघराची खिडकी रस्त्यावर उघडते. पलीकडं पिठाची गिरणी आहे, रविवारी बंद असते. गिरणीच्या पायरीवर आई बसली होती.

साडेतीन वाजले असतील. दारातल्या चपला बघून तिला कळलं असणार की पावणे अजून आहेत. एप्रिलचं ऊन थेट त्या पायरीवर येतं. तिनं डोक्यावरून पदर घेतला होता आणि अर्धा पदर प्रसेनच्या डोक्यावर धरला होता. प्रसेन तेरा वर्षांचा, तिच्याएवढाच उंच. तो पुढं-मागं डुलत होता. समोर त्याचं दार होतं आणि त्याला आत जाऊ देत नव्हते. आई आमच्या घराकडं बघत नव्हती. रस्त्यानं जाणारी बाई दम खायला टेकते, तशी बसली होती.

मी खिडकीपाशी उभी राहिले. नंतर चहा गाळला आणि बाहेर घेऊन गेले.

बाहेरच्या खोलीत चिमणाबाई विचारत होत्या, "विहीणबाई दिसंनात?"

"गावाला गेलीया," अण्णा म्हणाले. "चुलत्याला बरं न्हाय तिच्या."

"कुठल्या गावाला?"

अण्णा साचे करणारे माणूस. हवेत काही ओतणं त्यांना जमायचं नाही. अर्धा तास जे नाव कानावर पडत होतं तेच त्यांच्या तोंडून निघालं.

"वडगावला."

मामानं डोळे मिटले.

"आमच्या वडगावला?" चिमणाबाईंनी कप खाली ठेवला. "मग आमाला न्हाय कळवायचं? कुणाकडं?"

अण्णांच्या फौंड्रीत पूर्वी एक म्हातारे मोल्डर होते, ते निवृत्त होऊन वडगावला गेले होते. वडगावातलं दुसरं एकही नाव अण्णांना ठाऊक नव्हतं. "आकाराम म्हणून हायत..."

"आकारामतात्या? वरल्या आळीतलं? तेस्नी काय झालंय?"

अण्णांनी मामाकडं पाहिलं. मामाला वाटलं, माणूस मेला म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही.

"वारलं," मामा म्हणाला. "अचानकच. काल सांजच्याला."

पिराजी गुडघा चोळायचे थांबले. "कोण वारलं?"

"आकारामतात्या."

"अवं पावणं, आज सकाळी आठ वाजता आकारामतात्यानं मला स्टँडवर चा पाजलाय!"



"मग त्यो दुसरा आकाराम असंल," मामा म्हणाला.

"वडगावात आमच्यात एकच आकाराम हाय," पिराजी म्हणाले. "आन त्यो चहात साखर कमी म्हणून हाटेलवाल्याशी भांडला बी. मेलेलं माणूस भांडत न्हाय." सुगतला हसू आलं. त्यानं रुमाल तोंडाशी नेला. मलाही आलं असतं.

चिमणाबाई हसल्या नाहीत. त्यांनी अण्णांकडं बघत सावकाश विचारलं, "खरं काय ते सांगा पावणं. बाई हाय का न्हाय घरात? का गेली सोडून?"

अण्णांचे कान लाल झाले.

"तसं असंल तर सांगून टाका. घराघरात काय काय असतंय. पन ज्या घरात आई नांदली न्हाय त्या घरातली पोरगी..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. करायची गरज नव्हती.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. प्रसेनचा आवाज मी शंभर आवाजांत ओळखते. त्याला शब्द नसतात. आधी घशातल्या घशात गुणगुणल्यासारखा येतो आणि मग वर वर चढतो.

"कोण आरडतंय?" पिराजींनी विचारलं.

"हाय एक येडं," मामा म्हणाला. "गल्लीतलं."

मी अण्णांकडं पाहिलं. अण्णा जमिनीकडं बघत होते. ते काही बोलतील म्हणून मी थांबले, चांगली दोन-तीन श्वासांएवढी. मग उठले आणि पावण्यांच्या मधून, चपला न घालता, रस्ता ओलांडून गेले.

आईनं मला येताना पाहिलं आणि हातानं 'जा, जा' केलं.

"आत जा."

"आई, घरात चल."

"आत जा म्हणते ना. माणसं बघायल्यात."

"ते म्हणतायत तू घर सोडून गेलीस."

तिनं पदरानं प्रसेनचं कपाळ पुसलं. "म्हणू देत की."

"आई!"

"म्हणू देत. लगीन तुझं हाय, माझं न्हाय. मला काय करायचंय त्यांच्या म्हणण्याशी? जा, च्या गार हुईल." तिचे ओठ उन्हानं पांढरे पडले होते.

त्या क्षणापर्यंत मला वाटत होतं की ती प्रसेनसाठी उन्हात बसली आहे.

मी तिच्याशी बोलायचं सोडलं आणि प्रसेनच्या समोर, पण त्याच्या वाटेतून बाजूला होऊन उभी राहिले. म्हणाले, "घरात." त्याला तेवढा शब्द पुरतो. तो उठला आणि सरळ चालायला लागला. आईला मागं यावंच लागलं.

तो दारातून आत आला. पिराजींचा गुडघा वाटेत होता, तो ओलांडला. कुणाकडं पाहिलं नाही. कोपऱ्यातल्या पिंपाचं झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. आवाज थांबला.

आई उंबऱ्यात उभी होती. चप्पल हातात. "मी सोनूबाई," ती म्हणाली. "हिची आई. ह्यो माझा धाकटा, प्रसेनजीत. तेरा वर्साचा हाय. बोलत न्हाय, पन समजतं बरंच. आमी वाडीला गेलतो. आकारामतात्या कोण ते मला ठावं न्हाय, पन बरं असतील तर बरंच हाय."

चिमणाबाई तिच्याकडं बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "आगं, आईला आदी पाणी दे. किती येळ बसलीया उन्हात?" मी तांब्या दिला. आईनं उभ्यानंच तो सगळा रिकामा केला.

पुढचा अर्धा तास वाईट गेला नाही. चिमणाबाईंनी सगळं विचारलं. जन्मापासनं असंच का, जेवतो काय, फिट येते का, मारतो का. आईनं प्रत्येकाचं उत्तर दिलं, लांबवलं नाही, लपवलं नाही. प्रसेन मध्येच येऊन चिमणाबाईंच्या पदराचा वास घेऊन गेला. "नवं लुगडं हाय म्हणून," आई म्हणाली. "त्याला कोऱ्या कापडाचा वास आवडतोय." बाई हसल्या. मला वाटलं, आता ठरतंय.

तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमच्या माघारी ह्येला कोण बघणार?"

"आमी हाय की," आई म्हणाली.

"तुमच्या माघारी म्हणते मी."

हा प्रश्न वाईट बुद्धीनं विचारलेला नव्हता. मी त्यांच्या जागी असते तर मीही विचारला असता. आई म्हणाली, "त्याची सोय आमी करू. पोरीवर काय येणार न्हाय. मी शब्द देते तुमाला."

असा शब्द देणं म्हणजे काय, हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं. कुठंतरी एखादं वसतिगृह, लोखंडी कॉट, नाव लिहिलेली थाळी. आईनं ते शब्द उच्चारताना प्रसेनकडं पाहिलं नाही. मघाशी तिनं स्वतःचं नाव टाकलं होतं. आता ती त्यालाही टाकायला निघाली होती, आणि दोन्ही माझ्यासाठी.

"मी बघणार," मी म्हणाले.

"तू गप," आई म्हणाली.

"मी बघणार," मी सुगतकडं बघून म्हणाले. "हे आधीच सांगितलेलं बरं."

सुगतनं मान हलवली. हो म्हणून नाही, ऐकलं म्हणून. तो भला माणूस होता. जाताना त्यानं प्रसेनला 'येतो' म्हटलं. प्रसेननं पाण्यातून हात काढला नाही.

पावणे गेल्यावर आईनं मोरीत भांडी आपटायला सुरुवात केली. मी विसळायला बसले.

"तुला कुणी इचारलं हुतं?"

"त्यांनी विचारलं."

"मला इचारलं. म्या दिलतं उत्तर. दिवसभर उन्हात बसले ती कशासाठी? तुज्या तोंडानं वाटोळं करून घ्याय?"

"आणि तू कुठं ठेवणार होतीस त्याला?"

"ते माझं मी बघितलं असतं." तिनं कप उलटा घातला. "मला दोन लेकरं हायत, संघू. लोकं मोजताना एकच मोजत्यात. तू बी तसंच मोज म्हणून न्हाय जन्म दिला मी तुला."

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

नकार आठव्या दिवशी आला, मामाकडून. कारण प्रसेन नव्हता, निदान सांगितलेलं तरी नव्हतं. बाई म्हणाल्या होत्या, पोरगी चांगली आहे, आई तर सोन्यासारखी आहे, पण जी माणसं जिवंत माणसाला मारतात त्यांच्याशी सोयरीक नको. मामा आयुष्यभर त्याचं खापर अण्णांवर फोडत राहिला आणि अण्णा मामावर. त्याच्या पुढच्या रविवारी आकारामतात्या स्वतः वडगावहून आले. दारातूनच अण्णांना नावानं हाक मारून ओरडले, "गणपती! आरं, मेलेलं माणूस आलंय, जेवाय वाढ!" आईनं त्यांना मटण केलं. ते जेवले, साखर कमी म्हणून चहावरून भांडले आणि गेले.

नंतर दोन स्थळं आली. दोन्ही वेळा आईनं प्रसेनला आधी पुढं आणलं. दुसऱ्यांनी होकार कळवला होता. तो मुलगा मला आवडला नाही. ही गोष्ट कुणी लक्षात ठेवत नाही. मला बघून हळहळणाऱ्यांना ती सोयीची नाही.

आई मात्र माझा तो शब्द विसरली नाही. आधी तिनं वसतिगृहं पाहिली. एक सांगलीला, एक पुण्याच्या पुढं. सांगलीत ती त्याला दोन दिवस ठेवून आली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी जाऊन घेऊन आली. काय झालं ते तिनं सांगितलं नाही. त्यानंतर तिनं तो नाद सोडला आणि दुसरं काम हाती घेतलं. प्रसेनला ती एकेक गोष्ट शिकवायला लागली. बालवाडीत मुलांना शिकवायची तशी, समोर मांडी घालून, एका गोष्टीला एक वर्ष. दात घासणं. मोरीत बसून आंघोळ. आपलं ताट आपण विसळणं. आतून कडी लावणं आणि माझा आवाज ओळखून काढणं. तुकडा मोडलेली भाकरी चालवून घेणं, ह्याला दोन वर्षं आणि चार ताटं लागली. मी म्हणायचे, "आई, पुरे. मी करेन ना त्याचं." ती म्हणायची, "तू तुझं वाच." मला वाटायचं ती त्याच्यासाठी करते आहे. दुसऱ्यांदा मी तीच चूक केली.

गेल्या श्रावणात तिला कावीळ झाली आणि ती नुसती कावीळ नव्हती. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात ती फारशी बोलत नव्हती. एकदा डोळे उघडून म्हणाली, "त्या दिवशी तू उठायचं नव्हतंस." मी म्हटलं, "तू बसायचं नव्हतंस." तिनं मान फिरवली. आमचं भांडण मिटलं नाही. तसंच राहिलं.

आता घरात आम्ही दोघं. प्रसेन एकवीस वर्षांचा आहे. सहाला उठतो. दात घासतो, आंघोळ करतो. शर्टाची बटणं खालून वर लावतो, कारण आई समोर बसून शिकवायची आणि तिच्या डोळ्यांसमोर आधी खालचं बटण यायचं. मी टॉवेल घेऊन शेजारी उभी राहते आणि मला करायला काही नसतं. एवढ्या मोठ्यानं मी जो शब्द दिला होता, त्यातलं जवळजवळ सगळं तिनं आठ वर्षांत काढून घेतलं. मला याचा राग येतो. रडू येण्याच्या ऐवजी बहुतेक वेळा रागच येतो.

एक गोष्ट तेवढी तिच्याकडून राहिली. नखं. हाताला हात लावू देत नाही आणि कात्रीच्या आवाजाला घाबरतो, म्हणून दुपारी तो झोपल्यावर आई नखं कापायची. तिच्या आजारपणात ती वाढली, आणि परवा त्यानं स्वतःचाच गाल ओरबाडून घेतला. काल रविवार होता. तो झोपल्यावर मी नेलकटर घेऊन बसले. तीन बोटं झाली आणि तो जागा झाला, बघत राहिला, हात ओढून घेतला. बाकीची बोटं आहेत. आज दुपारी तो झोपेल, म्हणून मी ग्रंथालयात अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे.